डाव्या कानाच्या एकतीस मेंढ्या

मी, रुक्मिणबाई अण्णाराव सुरनर, वय वर्षे एकाहत्तर, धंदा मेंढपाळी व थोडीफार शेती, राहणार खैरमाळ, तालुका जळकोट, जिल्हा लातूर, आज रोजी स्वखुशीने व कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा उदगीरच्या डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरांनी मला तारीख विचारली, गावाचे नाव विचारले आणि शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितले. मी म्हटले, साहेब, मला मोजायची सवय आहे, वजा तर आमच्या मेंढ्या आपोआपच होतात. ते हसले आणि त्यांनी सही केली.

येत्या सोमवारी नांदेडला माझ्या छातीचे ऑपरेशन आहे. त्यातून उठले तर हा कागद मी स्वतः फाडीन आणि यातल्या गोष्टी तोंडाने सांगायचे धाडस करून बघीन. नाही उठले तर तेराव्यानंतर हा सगळ्यांसमोर, मोठ्या आवाजात, एका बैठकीत पूर्ण वाचावा. मधेच उठून जाण्यास वैजनाथला मनाई आहे.

वकिलांनी मला एक छापील नमुना दिला होता. त्यात माझ्या सगळ्या आयुष्याची एक ओळ होती : "जंगम मालमत्ता, मेंढ्या, नग अठ्ठावन्न." मेंढीला नग म्हणणाऱ्या कागदावर मला सही करवेना. म्हणून हे मी माझ्या हाताने लिहिले. अक्षर मी साक्षरता वर्गात शिकले, तेव्हा वयाची चाळिशी गाठत आली होती. आमच्या गावचे सेवानिवृत्त शिक्षक सिद्धेश्वर सर यांनी हे स्वच्छ उतरवून दिले आहे. शुद्धलेखन त्यांचे, बाकी माझे.

कलम एक. माझे पती अण्णाराव सन २०२० मध्ये मयत झाले. यापुढे मी त्यांना मालक म्हणेन, कारण तीच सवय आहे. मला दोन अपत्ये. मुलगा वैजनाथ, जो मेंढ्या सांभाळतो. मुलगी अयोध्या, जी हदगावला दिली आहे. वैजनाथची बायको उज्वला व त्यांची मुलगी वर्षाराणी माझ्याजवळच राहतात. वर्षाराणी उदगीरला जनावरांच्या डॉक्टरकीचा डिप्लोमा करते.

कलम दोन. राहते घर आणि माळावरची दोन एकर जमीन वैजनाथला द्यावी. जमिनीत दगड जास्त आणि माती कमी आहे हे त्याला माहीत आहे. पूर्वेचा बांध शेजारच्यांनी हातभर आत सरकवला आहे हेही त्याला माहीत आहे. त्यावरून तकरार करू नये. तेवढ्या पट्ट्यात कुसळाशिवाय मला काही उगवलेले दिसले नाही.

कलम तीन. माझी बोरमाळ, दोन पाटल्या आणि बँकेत जे काही असेल ते अयोध्याला द्यावे. तिने आठवण म्हणून दोन मेंढ्या मागितल्या आहेत. अयोध्या, बाई, मी तुला मेंढ्या देणार नाही आणि तू रागावू नकोस. तुझ्याकडे काळे रान, कापूस नि सोयाबीन. पावसाळ्यात पाय घोट्यापर्यंत रुततो. तिथे आपल्या मेंढीचे खूर आठ दिवसांत सडतील आणि तू रडत फोन करशील. त्याऐवजी माझी काळी घोंगडी घे. ती पावसात भिजली तरी सडत नाही.

कलम चार. कातर, वाघरीची म्हणजे मेंढ्या रात्री कोंडायच्या कुंपणाची जाळी, तिच्या मेखा आणि औषध पाजायची नळी उज्वलाला. कातरीला धार लावण्याचा दगड मात्र दगडोबाकडून परत आणावा. त्याने तो सहा वर्षांपूर्वी "उद्या देतो" म्हणून नेला. हा दगडोबा नरोटे म्हणजे मुखेडकडचा आमचा लांबचा सोयरा. तो या कागदाचा साक्षीदार आहे. मी सही केलेली त्याने पाहायची आहे, आत काय लिहिले आहे ते त्याला वाचून दाखवलेले नाही. त्याने तीनदा विचारले.

कलम पाच. आता मेंढ्यांचे. माझ्या लग्नात, सन १९७१ मध्ये, वडिलांनी मला चार मेंढ्या आंदण दिल्या. माझे माहेर किल्लारीजवळ, तिकडच्या सपाट रानातल्या त्या मेंढ्या. या खडकाळ डोंगरावर आल्यावर पहिल्याच पावसाळ्यात दोन गेल्या. राहिलेल्या दोघींची ही पोरेबाळे. सासऱ्यांनी पहिल्याच दिवशी त्यांच्या डाव्या कानाला खाच पाडली. घरच्या मेंढ्यांची खाच उजव्या कानाला. आईचा जो कान तोच लेकीचा कान, असा आमच्या घरचा दस्तूर. माझे माहेरचे गाव त्र्याण्णवच्या भूकंपात गेले. नव्या गावात गल्ल्या सरळ आहेत, पण आमचे घर कुठे होते ते मला दाखवता येत नाही. माहेरचे म्हणून जे काही उरले ते आता माझ्या कळपात चार पायांवर चालते. आज डाव्या कानाच्या एकतीस आणि उजव्या कानाच्या सत्तावीस मेंढ्या आहेत. डाव्या कानाच्या सगळ्या माझे स्त्रीधन आहेत हे वकिलांनीही कबूल केले.

कलम सहा. हे कलम मालमत्तेचे नाही. तरी ते वाचावे, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे.

मला पोरवयापासून एकच चाळा. एका आईची दोन कोकरे, एकच डोंगर, एकच पाऊस, एकच चारा. त्यातले एक जगते नि एक मरते. का? मालकांना विचारले तर ते म्हणायचे, "खंडोबाला इचार." खंडोबाला विचारून झाले. मग मी मेंढ्यांकडेच बघायला लागले. कोकरू जन्मल्यावर किती वेळात उठून उभे राहते ते मी पानाच्या विड्यावर मोजत असे. एक विडा चघळून व्हायच्या आत उठले तर चांगले, दुसरा विडा लावावा लागला तर काळजी. वैशाखात दुपारी बहुतेक मेंढ्या माना खाली घालून एकमेकींच्या पोटाखाली सावली शोधतात. पण दोन-चार अशा असतात की त्या वरच्या खडकाच्या कडेला एकट्या चरत राहतात. त्या कोणाच्या लेकी, ते मी लक्षात ठेवायची. ओल्या महिन्यात कोणाची लेंडी घट्ट राहते ते बघायची. खूर उचलून वास घ्यायची. मालक म्हणायचे, "काय हुंगून राहिलीस गं? अत्तर हाय का ते?"

त्यांची रीत वेगळी होती. त्यांना मेंढा देखणा लागे. नाक बाकदार, शिंगे वळून गालाशी आलेली, पाय उंच, अंग काळेभोर. "मेंढ्याची जात शिंगात दिसती," हे त्यांचे ठरलेले वाक्य. मेंढा निवडताना बायकांनी तोंड घालायचे नाही, हाही दस्तूर. वर्षभर मेंढ्याच्या पोटाखाली फडके बांधलेले असते, म्हणजे अवेळी मेंढ्या गाभण राहू नयेत. मृग लागला की कर्त्या पुरुषाने मेंढ्याच्या कपाळाला भंडारा लावायचा नि फडके सोडायचे. तो मान मालकांनी अठ्ठेचाळीस वर्षे घेतला.

माझे सगळेच बरोबर होते असे मात्र कोणी समजू नये. माझे वडील सांगायचे की काळ्या टाळूचा मेंढा चिवट. मी त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवला. कोकरू मेले की त्याचे तोंड उघडून बघायची. टाळू गुलाबी दिसला की सगळ्यांना दाखवायची, "बघा, म्हटलं नव्हतं?" मेंढा निवडणे मालकांचे असले तरी कोणती कोकरे विकायची त्यात माझे ऐकले जाई; अकरा वर्षे मी गुलाबी टाळूची नर कोकरे विकायला लावली. मग उज्वला सून म्हणून घरात आली. दुसऱ्या वर्षी भाकरी थापता थापता ती म्हणाली, "आत्याबाई, मेलेल्याचं तोंड उघडून बघता. जित्याचं कवा बघितलं?"

मी म्हटले, "तू तव्याकडं बघ, भाकर करपून राहिली."

दुसऱ्या दिवशी मालक बाजाराला गेल्यावर मी एकेक मेंढी पायात धरून सगळ्यांची तोंडे उघडली. धडधाकट जगलेल्यांत निम्म्याहून जास्त गुलाबी टाळूच्या होत्या. आणि काळ्या टाळूचे कोकरू मेले की मी तोंड न उघडता "नशीब" म्हणत होते, हेही तेव्हाच ध्यानात आले. अकरा वर्षांत किती चांगली नर कोकरे माझ्या एका शब्दावर बाजारात गेली असतील याचा हिशेब लागत नाही. उज्वलाला मी हे कधी बोलले नाही. आज बोलते. तू बरोबर होतीस, पोरी. भाकरी करपली नव्हती.

कलम सात. हे कलम वाचताना वैजनाथने खाली बसावे.

सन २००८ च्या उन्हाळ्यात गारपीट झाली तेव्हा दगडोबाच्या मेंढ्या आमच्या शेतात खतासाठी बसवलेल्या होत्या. त्याची सतरा कोकरे मेली. गारा थांबल्यावर मी तिकडे गेले तर एक नर कोकरू वाऱ्याकडे पाठ करून, पाय रोवून उभे होते. अंगावर गारा वितळत होत्या आणि ते रवंथ करत होते. बुटके, एक कान दुमडलेला, शिंगाच्या जागी नुसते बोंड. मला राहवले नाही. हे कसे काय उभे राहिले? मी एका घोंगडीच्या बदल्यात ते मागून घेतले. आपण मला फसवले असे दगडोबाला आजवर वाटते. तो लग्नाकार्यात हा किस्सा सांगतो आणि लोक हसतात. मी पण हसते.

मालकांनी त्याला बघितले नि म्हणाले, "हे मेंढरू हाय का ससा?" त्याचे नाव बुटक्या पडले. त्याला विकण्यापुरते वाढवायचे ठरले आणि फडके बांधून ठेवला. त्या वेळी आमचा निवडलेला मेंढा होता सरदार. सरदार देखणा होता, यात वाद नाही. जत्रेत लोक त्याच्या पाठीवर हात ठेवून फोटो काढून घ्यायचे.

सन २००९ च्या मृगात मालकांनी सरदारचे फडके सोडले आणि त्याच पावली ते हदगावला गेले. अयोध्याच्या नवऱ्याचा पाय मोडला होता, पेरणी अडली होती. ते दहा दिवस तिकडे राहिले. मी लगेच वैजनाथला म्हटले, चारा कमी पडतोय, माझ्या डाव्या कानाच्या मी पलीकडच्या माळावर वेगळ्या बसवते. तेव्हा त्या बावीस होत्या. वाघर बांधली. सरदार उजव्या कानाच्यांत राहिला. मग बुटक्याला नेऊन मी त्याचे फडके माझ्या हाताने सोडले. भंडारा लावला नाही, तो मान माझा नव्हता. मला फक्त बघायचे होते. बावीस आया ओळखीच्या, बाप एकच आणि तो खात्रीचा, तर कोकरे कशी निघतात ते कळेल. असा नेमका बेत मी आयुष्यात दुसरा केला नाही.

चौथ्या दिवशी वादळ झाले. सकाळी जाऊन बघते तर वाघर आडवी, मेखा उपटलेल्या आणि सरदार माझ्या मेंढ्यांच्या मधोमध जावयासारखा बसलेला. बुटक्या एका कडेला उभा. सरदार किती वेळ तिथे होता, काय झाले, कोणी पाहिले नाही. मी त्याला हाकलून परत पाठवला, वाघर बांधली, पण बेत फसला तो फसलाच. मालक यायच्या आदल्या दिवशी मी बुटक्याचे फडके पुन्हा बांधले. पुढच्या बाजारात व्यापारी त्याला घेऊन गेला. मला नको म्हणता आले असते. पण का नको, हे सांगावे लागले असते. मी त्याच्या पाठीवर हातसुद्धा फिरवला नाही, कारण वैजनाथ बघत होता. त्याचे मला अजून वाईट वाटते.

कलम आठ. त्या हंगामात डाव्या कानाच्या मेंढ्यांना चौदा मादी कोकरे झाली. उजव्या कानाच्यांना, म्हणजे खात्रीने सरदारची, सोळा. सन २०१५-१६ चा दुष्काळ सगळ्यांना आठवतो. विहिरीत खडक दिसत होता, माणसांना टँकरचे पाणी मिळत नव्हते तिथे मेंढ्यांना कुठले? त्या सोळांतल्या पाच जगल्या. माझ्या चौदांतल्या तेरा जगल्या.

आता कोणी म्हणेल की हा तर बुटक्याचा पुरावा झाला. मीही तसेच म्हणत आले, मनातल्या मनात, दहा वर्षे. पण कागदावर लिहिताना खरे लिहावे लागते. एक, त्यांच्या आया माझ्या माहेरच्या, डोंगराने आधीच चाळलेल्या. गुण आयांचा असेल. दोन, वादळाच्या सकाळी सरदार तिथे होता. गुण त्याचाही असेल. तीन, दुष्काळाच्या उन्हाळ्यात मी बाभळीच्या शेंगा आधी डाव्या कानाच्यांना घालत होते. पाच-सहा दिवस. बरं, वीस दिवस. हे मालकांना माहीत नव्हते.

त्याच २००९ च्या हंगामातला एक नर मालकांनी मेंढा म्हणून ठेवला होता. आई डाव्या कानाची. त्याचे नाव त्यांनी धाकटा सरदार ठेवले. आज आमच्याकडे आणि आसपासच्या सहा वाड्यांवर जे मेंढे आहेत ते सगळे त्याचे लेक नि नातू. दुष्काळातून आमचाच कळप उभा राहिला म्हणून २०१७ मध्ये माळेगावच्या जत्रेत लोकांनी मालकांना फेटा बांधला. सरदारचा वंश, सरदारचा वंश असे सगळे म्हणत होते. घरी आल्यावर त्यांनी फेटा काढला नाही. तसेच वाघरीपाशी गेले आणि मेंढ्यांसमोर बराच वेळ उभे राहिले. मी त्यांच्या मागे गेले होते. मी सांगणारच होते, तोंडही उघडले होते. त्यांनी वळून विचारले, "काय गं?"

मी म्हटले, "जेवायला वाढू का?"

आणि आता वैजनाथ. तो वाईट मुलगा नाही. बापावर, त्याच्या दादावर, त्याचा फार जीव होता, म्हणून तो बापासारखा निवडतो. या आषाढात त्याने कळप चाळायचे ठरवले आहे. ज्यांच्या अंगात सरदार दिसत नाही त्या सगळ्या काढायच्या. त्याने खडूने खुणाही केल्या आहेत. डाव्या कानाच्या एकतीसपैकी एकोणीस मेंढ्यांच्या पाठीवर खडू आहे. ठेंगण्या, आखूड पायाच्या, ज्यांची लेकरे बोंडशिंगी निघतात त्या. मी त्याला म्हटले, या वैशाखात वरच्या खडकावर कोण चरत होत्या ते आठव. त्यावर तो म्हणाला, "माय, दादाची जात नीट करून राहिलो मी. बुटकी मेंढरं ठेवून लोक हसतील. तुला न्हाई कळायचं." मला ऑपरेशनची जेवढी धास्ती नाही तेवढी त्या खडूची आहे. आपण डोंगरावर राहतो, जत्रेत नाही. त्या एकोणीस एकदा कत्तलीला गेल्या की पन्नास वर्षांत या खडकाने जे निवडून ठेवले ते एका दुपारी संपेल, आणि पुढच्या दुष्काळात देखणी शिंगे घेऊन आपण बसू.

कलम नऊ. म्हणून माझ्या पश्चात डाव्या कानाच्या सर्व एकतीस मेंढ्या, खडू असलेल्या आणि नसलेल्या, माझी सून उज्वला हिला द्याव्यात. त्यांच्यावर वैजनाथचा किंवा अन्य कोणाचा कब्जा राहणार नाही. उजव्या कानाच्या मालकांच्या होत्या, त्या वैजनाथच्या. त्यांचे त्याला हवे ते करावे.

उज्वलाने तीन पावसाळे एकही मादी केवळ रूपावरून काढू नये. मेंढा निवडायचा असेल तर आधी त्याची आई बघावी, आणि तीही वैशाखात. पावसाळा संपल्यावर सगळ्याच मेंढ्या सासरी निघालेल्या नवरीसारख्या दिसतात. जुळ्यांची हाव नको. डोंगरावर एकच, पण विडा संपायच्या आत उठणारे कोकरू पुरे. दोन हंगामांपेक्षा जास्त एकच मेंढा ठेवू नये, नाहीतर तो स्वतःच्या लेकींवर जातो. दगडोबाकडून बदली मेंढा आणावा. तो ज्या कोकराला हसेल ते नीट बघून घ्यावे. आणि मेलेल्याचे जसे बघाल तसे जगलेल्याचेही बघावे, हे तर मी तिच्याकडूनच शिकले.

मृगात डाव्या कानाच्यांसाठी मेंढ्याचे फडके उज्वलाने सोडावे. भंडारा लावून, दिवसाढवळ्या, सगळ्यांसमोर. दस्तूर मोडला म्हणून कोणी बोलले तर माझे नाव सांगावे. मेलेल्या बाईशी भांडायला कोणी येत नाही.

कलम दहा. गेल्या दिवाळीत वर्षाराणी जेवताना सहज म्हणाली, "आजी, बापाची खूण लेकाकडं जाती, लेकाची नातवाकडं. पोरींकडं न्हाई जात. मेलेल्या मेंढ्याचं हाड असलं आन आत्ताच्या मेंढ्याचं रक्त दिलं तर तपासता येतंय, एकच घराणं हाय का न्हाई." तिला काहीच माहीत नव्हते. 

सरदारचे एक शिंग मालकांनी आतल्या हाडासकट चौकटीला ठोकून ठेवले आहे. त्यावर तो फेटा असतो. ते शिंग मी दिवाळीपासून तीनदा काढले. एकदा फडक्यात बांधून उदगीरच्या बसपर्यंत गेले. बस आली, गेली, मी परत आले. जन्मभर ज्याचे-त्याचे तोंड उघडून बघणारी बाई मी, पण हे मला उघडून बघवेना. धाकटा सरदार बुटक्याचा निघाला तर मालकांचा फेटा माझ्या चोरीचा होतो. सरदारचा निघाला तर अकरा वर्षे मी नवऱ्याकडे बघून मनात हसत राहिले, ते सगळे फुकट. दोन्हींची भीती वाटते. आणि खरे सांगायचे तर, नेमके काय झाले हे कळावे म्हणून जीव तळमळतोसुद्धा.

तरी माझ्यानंतर वर्षाराणीने शिंगाचा तुकडा नि धाकट्या सरदारच्या एका नातू मेंढ्याचे रक्त तपासणीला द्यावे. ती म्हणते की इतक्या जुन्या हाडातून निघेलच असे नाही. न निघाल्यास तसे कळवून विषय मिटवावा. निकाल काहीही येवो, कलम नऊमधल्या वाटणीत काडीचाही फरक करू नये. कुठल्याही बापाच्या असोत, वैशाखात वरच्या खडकावर चरतात त्याच मेंढ्या ठेवायच्या.

कलम अकरा. भिंतीवर मालकांचा फोटो आहे. शेजारी माझा लागेल. निकाल आला की दोघांसमोर वाचावा, पण असा :

बुटक्या निघाला तर मनातल्या मनात वाचावा आणि फेटा आहे तिथेच ठेवावा. डोंगरावर ऊन-पावसात रोज तेच गेले. दुष्काळात पाठीवर पाणी वाहून मेंढ्या त्यांनी जगवल्या. तो फेटा कुठल्या मेंढ्याचा नव्हता, त्यांचा होता. वैजनाथ, हे तू विशेष ऐक.

सरदार निघाला तर मोठ्याने वाचावा. वाचून झाल्यावर उज्वलाने त्यांच्या फोटोसमोर उभे राहून माझ्या वतीने म्हणावे, "अहो, तुमचं बरोबर हुतं." एकोणपन्नास वर्षांच्या संसारात हे मी त्यांना एकदाही म्हटले नाही. ऐकायची त्यांना फार हौस होती, आणि मला ते माहीत होते.

येणेप्रमाणे लिहिलेले मी वाचून पाहिले, पटले, आणि दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत खाली सही केली.

सही : रुक्मिणबाई अण्णाराव सुरनर

साक्षीदार :
१) दगडोबा नरोटे, तालुका मुखेड, जिल्हा नांदेड (सही)
२) सिद्धेश्वर बिरादार, सेवानिवृत्त शिक्षक, खैरमाळ (सही)

ठिकाण : खैरमाळ, तालुका जळकोट, जिल्हा लातूर
दिनांक : १२ जून २०२५, गुरुवार